ओटीपी मोठ्याने वाचू नका

"ताई, माझा पासवर्ड काय होता ओ?"

दुकानात हा प्रश्न रोजचा. स्वतःचा पासवर्ड आठवत नाही याचं विचारणाऱ्याला काही वाटत नाही, आणि तो मला माहीत असणार याबद्दल शंकाही नसते. बहुतेक वेळा मला माहीत असतोच. फॉर्म भरताना मीच तो ठरवलेला असतो, कारण समोरचा म्हणतो, "टाका की तुमच्या मनानं कायबी." मी चिठ्ठीवर लिहून देते. चिठ्ठी शर्टाच्या खिशात, शर्ट धुण्यात, आणि पुढच्या वर्षी पोराच्या स्कॉलरशिपच्या वेळी माणूस पुन्हा माझ्यासमोर.

सांगोल्यात तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म. कोणाच्या सातबाऱ्यावर किती बोजा आहे, कोणाच्या लेकीची सोडचिठ्ठी कोर्टात आहे, कोणाच्या घरी कुठल्या आजाराचे रिपोर्ट आले, सगळं माझ्या मशीनच्या काचेवर पालथं पडून जातं. नवरा म्हणतो, तुझ्याकडे तालुक्याची कुंडली आहे. गंमत म्हणून म्हणतो, पण मला त्यात फारशी गंमत वाटत नाही.

हॅकिंगचा विषय निघाला की आमच्याकडे अजून पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं नाव निघतं. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथून दोन दिवसांत ९४ कोटींच्या वर रक्कम गेली, २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. कोल्हापुरातल्या एटीएममधूनही काढले. एवढी मोठी चोरी म्हटल्यावर लोक चवीने बोलतात. पण माझ्या गिऱ्हाइकांचं जे जातं, त्यासाठी कोणाला सर्व्हर फोडावा लागत नाही. ते त्यांनी आपण होऊन कोणाच्या तरी काउंटरवर ठेवलेलं असतं, कारण ठेवल्याशिवाय काम होत नाही.

आधी जुनी गोष्ट सांगते. आमचं दुकान सुरुवातीला नेट कॅफे होतं. २०११ साली केंद्राने सायबर कॅफेसाठी नियम काढले. येईल त्याचं ओळखपत्र बघायचं. नाव, पत्ता, फोन नंबर वहीत लिहायचा. कुठल्या कॉम्प्युटरवर बसला, किती वाजता बसला, किती वाजता उठला तेही लिहायचं. नोंदी निदान वर्षभर जपायच्या. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. पार्टिशन नसेल तर स्क्रीनचं तोंड बाहेरच्या बाजूला. हेतू समजण्यासारखा होता. फक्त ती वही कुठे ठेवायची, याबद्दल आमच्याकडे आलेल्या कोणी काही सांगितलं नाही. सगळ्या कॅफेंत ती काउंटरवर उघडी असायची, दोरीला पेन बांधलेलं. त्यामुळे कॉलेजची पोरगी निकाल बघून गेली की पुढचा पोरगा स्वतःचं नाव लिहिता लिहिता वरच्या ओळीतला तिचा नंबर पाठ करून जायचा. पोलिसांनी त्या वहीतून किती गुन्हेगार धरले असतील ते असोत, आमच्या गल्लीत तिचा उपयोग मिस कॉल देण्यासाठी जास्त झाला. शेवटी मी पुठ्ठ्याची एक खिडकी कापली, चालू ओळ तेवढी दिसेल अशी. लोक हसायचे. २०१७ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातली बातमी आली, की रिचार्जची दुकानं मुलींचे नंबर पैसे घेऊन विकतात आणि दिसायला कशी आहे त्यावर भाव ठरतो. तेव्हा त्या पुठ्ठ्याला हसणारे गप्प बसले.

मग स्वस्त नेट आलं, कॅफे संपला, वही गेली. कागद मात्र वाढला. वाढला म्हणजे किती, तर आता गिऱ्हाईक दारात येण्याआधीच त्याचे कागद माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलेले असतात. पाटीवर नंबर आहे, "फाइल येथे पाठवा". आधार, पॅन, पासबुक, जातीचा दाखला, बाळंतपणाचे रिपोर्ट. काही जण काम झाल्यावर त्याच नंबरवर गुड मॉर्निंगही पाठवतात. त्या नंबरवरचे मेसेज चोवीस तासांनी आपोआप जातील असं मी करून ठेवलंय, आणि शटर ओढण्याआधी कॉम्प्युटरमधलं डाउनलोडचं फोल्डर रिकामं करते. शिफ्ट दाबून डिलीट, म्हणजे रिसायकल बिनमध्येही राहत नाही. मदतीला पोरगा आहे, त्याला दुकानात स्वतःचा पेन ड्राइव्ह आणायला मनाई आहे. पोरगा चांगला आहे. पण चांगल्या पोराच्या मित्रांची मला काय खात्री?

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड काय, तर इंग्रजीत नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं साल. सुनीता असेल आणि जन्म १९८४ चा, तर एस-यू-एन-आय-१९८४. ज्याला हा नियम माहीत आहे आणि जो त्या बाईला ओळखतो, त्याला ती फाइल उघडीच आहे. गावात तर सगळेच सगळ्यांना ओळखतात.

२७ मे २०२२ ला आधारवाल्या प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने एक पत्रक काढलं होतं, आठवत असेल तर बघा. आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. द्यायचीच तर मास्क्ड आधार द्या, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. हॉटेलांना आणि सिनेमागृहांना आधारच्या प्रती घेण्याचा किंवा ठेवण्याचा अधिकार नाही. आणि नेट कॅफेच्या कॉम्प्युटरवरून ई-आधार डाउनलोड करणं टाळा, केलंच तर सगळ्या प्रती कायमच्या काढून टाका. म्हणजे थेट माझ्याच दुकानाबद्दल. मी ते पत्रक छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलं. धंद्याच्या विरुद्ध होतं, पण खरं होतं. दोनच दिवसांत, २९ तारखेला, केंद्राच्या आयटी मंत्रालयाने ते मागे घेतलं. लोकांचा गैरसमज होईल, म्हणे. आधार वापरताना आणि देताना नेहमीची सावधगिरी बाळगा, एवढाच सल्ला उरला. नेहमीची म्हणजे कुठली? आमच्या तालुक्यात नेहमीची सावधगिरी म्हणजे झेरॉक्सवर आडवी सही करून खाली तारीख टाकायची.

काचेखालचं पत्रक मी काढलं नाही. कोणी विचारलं तर सांगते, मागे घेतलंय, पण वाचा.

कारण पंढरपूरला गेलं की लॉजवाला आधार मागतो, अकॅडमीवाला पोराच्या प्रवेशाला आई-बाप दोघांचं मागतो, भाड्याने खोली देणारा मागतो. मागणाऱ्याला त्याचं पुढे काय करायचं हे स्वतःलाच माहीत नसतं. एक गठ्ठा करून कपाटावर ठेवतो. एक आबा आले होते, सिम बंद पडलं म्हणून. सरकारच्या संचार साथी साइटवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, म्हणून मी सहज बघितलं. आबांचा फोन एक, बटणांचा. नावावर नंबर चार. बाकीचे तीन कुठले म्हणून विचारलं तर म्हणाले, "माझं हायतच कोण फोन करायला?" तिथेच 'माझा नंबर नाही' असं कळवून टाकलं. आबांना त्यात राग आला तो निराळ्याच गोष्टीचा, की त्या तीन नंबरांचं रिचार्ज आपल्याकडून तर मागणार नाहीत ना.

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणं आलं. बाईचा आधार नंबर टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो टाकायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. दुकानासमोर वाड्यावस्त्यांवरच्या बायकांची रांग. साइट सकाळी चालत नव्हती, दुपारी चालत नव्हती, रात्री उशिरा जरा हलायची, म्हणून बायका डबे घेऊन बसलेल्या.

टीव्हीवर, रेडिओवर, बँकेच्या मेसेजात, सगळीकडे एकच सांगणं: ओटीपी कोणालाही सांगू नका. आणि माझ्यासमोर बसलेल्या मावशींना मेसेज उघडता येत नाही, उघडला तर इंग्रजी वाचता येत नाही. त्या फोन रांगेतल्या पुढच्या पोराच्या हातात देतात. पोरगा खणखणीत आवाजात वाचतो, "चार, सात, शून्य..." सगळी रांग ऐकते. एवढ्यावर थांबत नाही. तो मेसेज शोधताना बँकेचे मेसेज वर सरकतात, शिल्लक दिसते, आणि पोरगा म्हणतो, "मावशी, बारा हजार हायत की ओ तुमच्याकडं!" रांगेत मावशींची सूनही असते.

त्या दिवसांत मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला: ओटीपी मोठ्याने वाचू नका. फोन माझ्याकडे द्या किंवा मला दाखवा. लावताना कळत होतं की हे बरोबर उलटं आहे. सरकार म्हणतं कोणाला दाखवू नका, मी म्हणते मलाच दाखवा. पण दुसरा मार्ग काय होता?

एका बाईचा नवरा ट्रकवर, गुजरातेत कुठेतरी. फोन स्पीकरवर.

"आवं, तुमच्या मोबाइलवर आकडा आलाय, सांगा."

"कुणाला सांगायचा न्हाय म्हणत्यात त्यो."

"मला न्हाय सांगायचा. ताईला सांगायचाय."

"मग ताईला दे फोन."

आणि माझ्याशी एका शब्दाची ओळख नसलेल्या त्या माणसाने मला सहा आकडे सांगितले. मी कोण, त्याने विचारलं नाही. बायको दुकानात आहे म्हणते, बाईचा आवाज आहे, बास. मी त्याला दोष देत नाही. दहा मिनिटांत ओटीपी संपतो, एवढ्या वेळात चौकशी करायची कधी?

ज्यांचे आधारला जोडलेले नंबर केव्हाच बंद पडले त्यांचं तर आणखीच. बंद नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. म्हणजे आपला ओटीपी कुठल्या तरी परक्याच्या फोनवर वाजतो. एका काकूंनी त्या परक्याला फोन लावून ओटीपी मागितला. त्याने फसवणुकीचा फोन समजून त्यांनाच शिव्या घातल्या. त्याचं बरोबर होतं.

सगळ्यात वाईट वाटलं ते एका तरुण बाईचं. नवऱ्यापासून वेगळी राहते, घटस्फोट नाही, वडील वारलेले. तिला नवऱ्याला फोन लावावाच लागला. इतकी वर्षं तिने स्वतःचा नंबर त्याच्यापासून लपवला होता, तो त्या दिवशी त्याला कळला. वर त्याने सांगितलं, ओटीपी देतो, पण महिन्याचे पाचशे माझे. पंधराशे रुपये थेट बाईच्या खात्यात जावेत, कोणाचा हात लागू नये, म्हणून योजना; आणि कुलपाची दुसरी किल्ली नेऊन ठेवली नवऱ्याच्या खिशात. विधवांसाठी पुढे दुरुस्ती झाली, मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्या असं निघालं. म्हणजे पुन्हा झेरॉक्स. वेगळ्या राहणाऱ्या त्या बाईला दुरुस्ती निघेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, तिला पैसे बंद पडायची भीती होती. तिने पाचशे कबूल केले.

खाजगीपणा म्हणजे मोबाइलमधल्या सेटिंगा, असं पुण्या-मुंबईचे लोक लिहितात. माझा पुतण्याही तसंच बोलतो. त्याच्यापुरतं बरोबर आहे, कारण त्याला त्या सेटिंगा उघडता येतात. ज्याला उघडता येत नाहीत त्याचा खाजगीपणा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतो: माझ्या, सेतूवाल्याच्या, बँक मित्राच्या, आठवीतल्या नातवाच्या. आम्ही नीट वागलो तर ठीक. आम्ही नीट वागू याची व्यवस्था मात्र कुठेच नाही. २०२३ साली डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात संमतीबद्दल पुष्कळ आहे. काउंटरवर संमती म्हणजे "करा ताई तुम्ही, मला काय कळतंय".

ओटीपीपेक्षा अंगठा बरा, असं म्हणणारेही आहेत. बँक मित्राकडे आधार नंबर सांगून मशीनवर बोट ठेवलं की खात्यातून पैसे निघतात, पिन नको, ओटीपी नको. म्हाताऱ्यांना सोयीचं आहे, खोटं कशाला बोलू. पण २०१८ साली तेलंगणात काय झालं बघा. मोबाइल दुकानवाला, म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस. त्याने नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरून जमिनीची खरेदीखतं उतरवून घेतली, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे केले आणि त्या ठशांवर हजारो सिमकार्डं चालू केली. कशासाठी, तर सिमचं टार्गेट पुरं करायला! नंतर हीच युक्ती दुसऱ्यांनी खात्यांतून पैसे काढायला वापरली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा कुठून आणणार?

बायोमेट्रिक लॉक करता येतं, आधारच्या साइटवर सोय आहे. मी काही जणांचं करून दिलं. पुढच्या महिन्यात रेशन दुकानात अंगठा लागेना, म्हणून ते माझ्याच नावाने बोंबलत आले. उघडून दिलं. आता करण्याआधी दोनदा विचारते, रेशनला दुसरं कोण जातं घरातून?

मशीनबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ते कोणाच्या डोक्यातच येत नाही. मोठ्या झेरॉक्स मशीनच्या आत कॉम्प्युटरसारखी हार्ड डिस्क असते आणि झालेल्या कॉप्या तीत राहू शकतात. २०१० साली अमेरिकेतल्या एका टीव्ही चॅनेलने गोदामातून जुनी मशीनं विकत घेऊन त्यातून पोलिसांच्या तक्रारी आणि दवाखान्याचे कागद काढून दाखवले. त्यातलं एक मशीन ज्या आरोग्य विमा कंपनीचं होतं, तिला २०१३ मध्ये बारा लाख डॉलरच्या वर भरावे लागले. माझं मशीन सेकंडहँड, परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसात वापरून आलेलं. पहिल्या दिवशी मेनू बघताना त्यात त्या ऑफिसची सगळी नावं आणि ईमेल तशीच सापडली. मेकॅनिकला म्हटलं, पुसून टाक, आतलं सगळं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की ताई, तुमचं काय जातंय?" पुसायला लावलं. मशीन विकताना डिस्क काढून घेणार हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. त्याने किंमत कमी येईल असं बजावलंय.

दुकानात कॅमेरा आहे. चोऱ्या वाढल्या तेव्हा ओळीतल्या सगळ्यांनी बसवले. बसवणाऱ्याने तो नेमका काउंटरवर रोखला होता, म्हणजे गिऱ्हाईक फोनपेचा पिन टाकताना बोटं स्पष्ट दिसायची. तो मी दाराकडे वळवून घेतला आणि कॅमेऱ्याला कंपनीकडून आलेला पासवर्ड बदलला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण बाहेर आलं, तपासणीच्या खोलीतल्या बायकांचं, आणि ते टेलिग्रामवर विकलं जात होतं. पकडलेल्यांत लातूरचा आणि सांगलीचा पोरगा होता. सांगली आमच्यापासून काही लांब नाही. शेजारच्या तीन दुकानांचे पासवर्ड मीच बदलून दिले. चौथा म्हणाला, माझ्या दुकानात बघण्यासारखं आहे काय.

लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवणारी, फाइल उघडू नका, ती मेसेज वाचायची परवानगी घेते आणि तुमचे ओटीपी परस्पर पुढे जातात, हे मी सांगून दमले आहे. पैसे गेलेच तर आधी १९३० ला फोन करा, मग रडा. लवकर कळवलं तर रक्कम मध्येच अडवता येते.

आमच्याकडे नेहमी येणारे एक वकील आहेत. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, त्याची अख्खी प्रिंट त्यांनी माझ्याकडून काढून नेली होती. ५४७ पानं. बॅक टू बॅक केली तरी २७४ कागद झाले. काढता काढता मी मधली काही पानं वाचली. अवघड इंग्रजी, पण घर, शरीर, लग्न, काय खावं, असले शब्द कळत होते. वकिलांना म्हटलं, याचं मराठीत एक पान करून द्या, भिंतीवर लावते. म्हणाले, करतो. निकाल तसा देशात सगळ्यांना लागू, नंदुरबारमधल्या टेंभलीलासुद्धा, जिथे २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पान अजून आलेलं नाही.

राहता राहिली रद्दी. झेरॉक्सच्या दुकानात रोज वाया गेलेले कागद निघतात. तिरकं आलेलं आधार, काळं पडलेलं पासबुक, फोटो नीट न उमटलेला जातीचा दाखला. एक बाजू कोरी असते, कागद जाड, त्यामुळे भेळवाल्याला तो फार आवडतो. पूर्वी तो संध्याकाळी येऊन किलोवर घेऊन जायचा. मी देणं बंद केलं. श्रेडर महाग म्हणून हाताने चार तुकडे करते आणि आठवड्याला मागच्या अंगणात पेटवून देते. धुराबद्दल शेजारीण बोलते, तिचंही चूक नाही. भेळवाल्याला मी कारण समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, लोकं भेळ खात्यात, कागद कोण वाचतंय?" असं म्हणाला, आणि आता पलीकडच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडून घेतो.